लोअर आर्म बदलले, आता अलाइनमेंट लगेच करायलाच हवी का?

नमस्कार मंडळी,

शनिवारी गाडीचे पुढचे दोन्ही लोअर आर्म (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारे खालचे दांडे) आणि टाय रॉड एन्ड (स्टेअरिंगचं वळण चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्यांची टोकं) घरीच बदलले. खड्ड्यातली खटखट गेली, पण सरळ रस्त्यावर स्टेअरिंग डावीकडे कललेलं राहतंय. जुने एन्ड काढताना आटे मोजले होते, नवे तेवढेच फिरवून बसवले. पुढच्या महिन्यात टायर बदलायचेच आहेत, तेव्हा अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) केली तर चालेल का?

---

ताई, नमस्कार.

आटे मोजलेत हे उत्तम केलंत. गाडी अलाइनमेंटच्या मशीनपर्यंत नेण्याजोगी राहिली ती त्यामुळेच. पण नवा एन्ड जुन्याच्या अगदी मापाचा असेल याची खात्री नसते आणि एका आट्याच्या फरकानेही टो, म्हणजे वरून पाहता चाकं किती आत-बाहेर वळलेली आहेत ते, बिघडतो. महिनाभर थांबू नका. टायर जुने आहेत, खाल्ले तर खाल्ले असं वाटेल, पण टो बिघडलेली गाडी ओल्या रस्त्यावर नीट सरळ धरत नाही.

त्याआधी एक सांगा: लोअर आर्मच्या बुशचे (सांध्यातल्या रबरी तुकड्याचे) बोल्ट गाडी वर उचललेली असताना, चाकं लोंबकळत असतानाच पक्के आवळलेत का? साध्या बुशमधलं रबर आतल्या-बाहेरच्या नळ्यांना चिकटवलेलं असतं. ते फिरत नाही, नुसतं पिळलं जातं. लोंबकळत्या आर्मवर आवळलं की गाडी खाली आल्यावर ते कायम पिळलेलंच राहतं. माझ्याकडून पहिल्या वेळी हेच झालं. वर्षाच्या आत बुश काढून पाहिला, तर रबर आतल्या नळीपासून अर्ध्या गोलात सुटलेलं, नख सहज आत जात होतं. फार वाईट वाटलं, पार्ट चांगला होता.

तेव्हा गाडी रॅम्पवर चढवा, चाकांवर वजन असू द्या, मागच्या चाकांना ठोकळे लावा. बोल्ट सैल करा, गाडी दोन-तीनदा दाबून सोडा आणि मग मॅन्युअलमधल्या टॉर्कला (आवळण्याच्या ठरलेल्या जोराला) आवळा. अलाइनमेंट यानंतरच. आधी केलीत तर बोल्ट सैल करताच आकडे हलतील.

मशीनवर जाण्यापूर्वी चारही टायरची हवा बघा. आधीच्या-नंतरच्या आकड्यांचा कागद मागून घ्या. मागच्या चाकांचे आकडेही मोजायला सांगा, ती तिरकी असली तर पुढचा टो बरोबर असूनही स्टेअरिंग कलतं. गाडीत ईएससी (गाडी घसरू नये म्हणून असलेली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) असेल, तर स्टेअरिंग अँगल सेन्सर शून्यावर आणावा लागतो का, तेही विचारा.

---

दादा, मनापासून आभार.

बोल्ट लोंबकळत्या चाकांवरच आवळले होते. काल रॅम्पवर सैल केले, तर डाव्या बुशच्या नळीवर पांढऱ्या पेनने केलेली खूण डोळ्यांदेखत सरकली. दोन्ही बाजू पुन्हा टॉर्कने आवळल्या. उद्या सकाळी अलाइनमेंट आहे, कागद मिळाला की मागच्या चाकांच्या आकड्यांसकट इथे टाकते.