मदत हवी: सूर्यावरचा उद्रेक बाहेर सुटतो, मग बाजूच्या कमानी आत का ओढल्या जातात?

नमस्कार मंडळी,

गेले काही आठवडे सूर्यावर नजर ठेवणाऱ्या एसडीओ यानाच्या १७१ अँगस्ट्रॉम या अतिनील तरंगलांबीतल्या चित्रफिती बघतोय. दर १२ सेकंदांनी एक चित्र असल्यामुळे सौरज्वालेच्या (सूर्यावरच्या ऊर्जेच्या अचानक स्फोटाच्या) वेळी प्रभामंडळातल्या, म्हणजे सूर्याच्या बाह्य वातावरणातल्या, चुंबकीय कमानी (चुंबकीय रेषांना धरून वाकलेले प्लाझ्माचे, म्हणजे विद्युतभारित तप्त वायूचे, पट्टे) कशा वागतात ते बऱ्यापैकी टिपता येतं. एका ठिकाणी मात्र अडलोय.

सूर्याच्या कडेवरचा एक उद्रेक घेतला. बाजूच्या एका ठळक कमानीच्या माथ्यावरून उभी रेघ आखली, प्रत्येक चित्रातून त्या रेघेवरची अरुंद पट्टी कापली आणि सगळ्या पट्ट्या शेजारीशेजारी लावल्या. कमान स्थिर असती तर आडवी, सरळ रेघ मिळाली असती. माझी रेघ आधी सावकाश वर चढते, ज्वाला भडकल्यावर झपाट्यानं खाली येते आणि मग नागमोडी होते.

नागमोड म्हणजे कमानीचे हेलकावे, एवढं कळलं. १४ जुलै १९९८च्या ज्वालेनंतर ट्रेस या सूर्यनिरीक्षक यानानं असेच हेलकावे टिपले होते: चार-साडेचार मिनिटांचं एक आवर्तन, आणि थोड्याच आवर्तनांत सगळं शांत. अडतं ते खाली येण्यापाशी. उद्रेकात पिळलेला चुंबकीय दोर (चुंबकीय रेषांचा जुडगा) बाहेर सुटताना कमानींना बाजूला ढकलेल, हे पटतं. पण आत?

सौरभौतिकशास्त्रज्ञ ह्यू हडसन यांचा २०००चा मुद्दा वाचला. ज्वालेची ऊर्जा चुंबकीय क्षेत्रातूनच येते. ती खर्च झाली की तिथला चुंबकीय दाब उतरतो आणि भोवतालच्या कमानी त्या जागेकडे आकसतात. फार आवडला. पण त्याच वेळी थोडी उंचावरची दुसरी कमान बाहेरच सरकत होती! दाब उतरला तर दोघींनी आकसायला हवं ना? की तापमानातल्या बदलालाच मी हालचाल समजतोय? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं.

प्रतिसाद

आधी तापमानाची शंका फेडून घ्या. १७१ मध्ये मुख्यतः सहा-सात लाख केल्विनचा प्लाझ्मा दिसतो. तीच पट्टी १९३ आणि २११ अँगस्ट्रॉममध्येही कापा, तिथे जास्त गरम प्लाझ्मा दिसतो. तिन्हींत रेघेचं खाली वळण एकाच वेळी आलं तर कमान खरंच हलली. मागेपुढे आलं तर प्लाझ्मा गार किंवा गरम होतोय असा संशय घ्या.

ज्वालेनंतरच्या कमानींची रांग अशीच फसवते. रांग वर वाढताना दिसते, पण त्यातली एकही कमान वर जात नसते. चुंबकीय पुनर्जोडणीची (चुंबकीय रेषा तुटून नव्यानं जोडल्या जाण्याची) जागा वर सरकते, नव्या कमानी जुन्यांच्या डोक्यावर तयार होतात, आणि तयार झालेली कमान उलट खालीच आकसते. १३१ मध्ये त्या आधी दिसतात, कोटीभर केल्विन असताना. गार होऊन १७१ मध्ये उजळेपर्यंत बराच वेळ जातो.

आता दोन कमानी दोन दिशांना का? झुकारेल्लो, ओलानिए आणि सहकाऱ्यांचं २०१७चं संगणकीय प्रारूप इथे उपयोगी पडेल. पाण्यात वल्हं ओढलं की त्याच्या दोन्ही कडांना भोवरे सुटतात. बाहेर निघालेल्या दोराच्या पायांशेजारी तसेच प्रवाह तयार होतात. भोवऱ्याच्या एका अंगाला असलेली कमान बाहेर ढकलली जाते, दुसऱ्या अंगाची परतीच्या प्रवाहाबरोबर आत येते. त्यामुळे एकाच वेळी दोन्ही दिसणं यात बसतं. माझा कल या बाजूला आहे.

धागाकर्ता

मनापासून आभार! पट्ट्या कापल्या. १९३ मध्ये वळण १७१ मध्ये आलं त्याच वेळच्या चित्रात आलं, २११ मध्ये कमान पुसट आहे पण वळण तिथेच. म्हणजे हालचाल खरी. आता एकच: कमान आकसली की नुसती कलली, हे एका यानावरून कसं ठरवायचं?

प्रतिसाद

एकावरून अवघड आहे. स्टिरिओ-ए या दुसऱ्या सूर्यनिरीक्षक यानाची त्या दिवसाची १९५ अँगस्ट्रॉममधली चित्रं काढा, तिथे तीच कमान दुसऱ्या कोनातून दिसेल. फक्त घटना २०२३च्या ऑगस्टच्या आसपासची नसावी. तेव्हा ते यान पृथ्वी आणि सूर्याच्या मधून जात होतं, दोन्हींचा कोन जवळपास एकच येईल.