मॉड्यूल बाहेर काढून परत घाला
एक्सेलची मॅक्रोवाली (म्हणजे कामं आपोआप करणारा कोड असलेली) फाइल सारखी करप्ट होत असेल तर पेन ड्राइव्ह बदला, असा सल्ला कुणी देतं, पण दोष बहुधा फाइलच्या पोटात आहे. अशी फाइल, म्हणजे एक्सएलएसएम, ही खरं तर झिप, अनेक फाइल्सचं एक गाठोडं. सगळे मॅक्रो तिच्यातल्या एकाच 'व्हीबीएप्रोजेक्ट.बिन'मध्ये असतात. कोडमध्ये सतत फेरफार केले की तिथे जुन्या कंपाइलचा (कोड चालवण्यासाठी केलेल्या रूपांतराचा) गाळ साठतो.

फाइल उघडतेय तोवरच कॉपी काढा. मग ऑल्ट-एफ११ दाबून कोडचा एडिटर उघडा आणि एकेक मॉड्यूल (कोडचा एक गठ्ठा) एक्स्पोर्ट करा, रिमूव्ह करा, सेव्ह करून पुन्हा इम्पोर्ट करा. युजरफॉर्म (माहिती भरायची खिडकी) असेल तर एक्स्पोर्ट झालेल्या एफआरएम फाइलसोबतची एफआरएक्स फाइलही जपा, तिच्याशिवाय फॉर्म धड परत येत नाही. शीटमागचा कोड मात्र कॉपी-पेस्टच करावा लागतो. एक्सेलचं 'ओपन अँड रिपेअर' (फाइल दुरुस्त करून उघडणं) अगदी शेवटी. त्यात मॅक्रोच उडू शकतात.