अध्यक्ष महाशय, कोणते अध्यक्ष?

कोपरीवाला
गेल्या शनिवारी ठाण्यातल्या एका महाविद्यालयात परीक्षक म्हणून गेलो होतो. मुलांची पॅनलं होती, चार-चार जण समोरासमोर. विषय ‘अध्यक्षीय लोकशाही की संसदीय लोकशाही’. पहिलीच मुलगी उठली आणि ठणठणीत आवाजात म्हणाली, “अध्यक्ष महाशय, अध्यक्षाला मुदतीआधी घरी कसं पाठवायचं, हा अध्यक्षीय पद्धतीतला खरा पेच आहे.” खुर्चीत बसलेले आमचे अध्यक्ष म्हणजे एक निवृत्त प्राध्यापक. त्यांनी टेबलावरची घंटा पुढे सरकवली आणि म्हणाले, “सोपं आहे, ही वाजवा.” सभागृह खदखदून हसलं. मुलीची लय गेली ती गेलीच. हातातला कागद उलटा धरून ती दोन-तीन ओळी तशीच शोधत राहिली.

तिच्यानंतरच्या मुलाने धसका घेतला. त्याने ‘अध्यक्ष’ हा शब्दच टाकला आणि सरळ ‘अमेरिकेचे राष्ट्रपती’, ‘कोरियाचे राष्ट्रपती’ सुरू केलं. माझ्या शेजारच्या परीक्षक बाईंनी ‘भाषा’ या रकान्यात त्याचे दोन गुण कापले. “ही हिंदी वाहिन्यांची मराठी,” म्हणाल्या. मला ते पटलं नाही, पण का पटलं नाही हे तिथल्या तिथे सांगता आलं नाही. म्हणून इथे विचारतो: अमेरिकेचे ‘अध्यक्ष’च का? राष्ट्रपती म्हटलं तर नेमकं काय चुकतं?

नेरूळवाली
बाईंचं बरोबर आहे. हिंदीत मुर्मूही राष्ट्रपति आणि ट्रम्पही राष्ट्रपति. मराठी वर्तमानपत्रांनी हे दोन शब्द आधीपासून वेगळे ठेवलेत. आपले राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात, अमेरिकेचा अध्यक्ष स्वतः कारभार हाकतो. एवढा चांगला भेद भाषेत आयता मिळालाय, तो का घालवायचा?

निवृत्त मास्तर, घणसोली
भेद आहे, पण तुम्ही म्हणता तो नाही. तपासून बघा.

जर्मनीतही अध्यक्ष आहेत. मराठी वर्तमानपत्रं त्यांना राष्ट्राध्यक्षच म्हणतात, आणि सगळा कारभार मात्र चॅन्सेलरकडे. म्हणजे अधिकाराच्या हिशेबाने ते आपल्या राष्ट्रपतींच्या पंक्तीला बसतात. स्वित्झर्लंडमध्ये सात जणांचं मंडळ देश चालवतं आणि त्यातला एक जण एका वर्षापुरता अध्यक्ष असतो. पुढच्या वर्षी दुसरा. दक्षिण आफ्रिकेचा अध्यक्ष तर लोक थेट निवडतच नाहीत. तिथलं कनिष्ठ सभागृह आपल्यातला एक सदस्य निवडतं, निवडून आला की तो सभागृहाचा सदस्य राहत नाही, पण सभागृहाचा विश्वास गमावला तर जातो. आपल्या पंतप्रधानाचाच चुलतभाऊ म्हणा.

या सगळ्यांना मराठीत ‘अध्यक्ष’. तेव्हा मराठीने केलेला भेद अधिकाराचा नाही, घरचा आणि बाहेरचा असा आहे. राष्ट्रपती आपले, अध्यक्ष त्यांचे. रीत म्हणून ती जपावी, माझी ना नाही. पण तिच्यावर लोकशाहीचा सिद्धांत रचू नये. त्या मुलाने रीत मोडली, विचार नाही चुकवला.

घोडबंदर
मास्तर, मग ‘अध्यक्ष’ हा शब्द आला कुठून? सोसायटीच्या वार्षिक सभेतही अध्यक्ष, गणेश मंडळातही अध्यक्ष आणि अण्वस्त्रांचं बटण हाताशी असलेला माणूसही अध्यक्ष!

निवृत्त मास्तर, घणसोली
फोड अशी देतात: अधि आणि अक्ष, वरून डोळा ठेवणारा. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातलं दुसरं अधिकरण ‘अध्यक्षप्रचार’ हेच आहे. त्यातले अध्यक्ष सभा चालवत नाहीत, ती खातेप्रमुख मंडळी आहेत. शेतीचा सीताध्यक्ष, सुताचा सूत्राध्यक्ष, जकातीचा शुल्काध्यक्ष, दारूचा सुराध्यक्ष. आपल्या खाडीकाठच्या लोकांनी लक्षात ठेवावा असा नावध्यक्ष: समुद्रातली ये-जा आणि नदीमुखावरची ‘तर’, म्हणजे होडीने होणारी ने-आण, यांवर नजर ठेवणारा.

त्याहून जुना अध्यक्ष ऋग्वेदाच्या नासदीय सूक्तात भेटतो. सगळ्या सृष्टीचा अध्यक्ष, परम आकाशात बसलेला. ही सृष्टी कुठून झाली हे तो जाणतो, किंवा तोही जाणत नसेल, असं सूक्त म्हणतं. आमच्या संस्थाचालकांची आठवण येते ती उगाच नाही.

इंग्रजी ‘प्रेसिडेंट’चं मूळ मात्र बसण्यात आहे, समोर बसणारा. म्हणूनच तो शब्द मुळात साधा होता. १७८९ मध्ये वॉशिंग्टनला काय म्हणायचं यावर सिनेटमध्ये बराच खल झाला. उपाध्यक्ष जॉन अॅडम्स यांना नुसतं ‘प्रेसिडेंट’ फार किरकोळ वाटत होतं, कारण आग विझवणाऱ्या मंडळ्यांना आणि क्रिकेट क्लबांनाही प्रेसिडेंट असतात! म्हणजे घोडबंदरांची तक्रार सव्वादोनशे वर्षांहून जुनी आहे.

जाता जाता: मी निवडणुकीच्या कामावर ‘केंद्राध्यक्ष’ होतो. एका शाळेच्या एका वर्गाचा अध्यक्ष, एका दिवसापुरता. डबा खायलाही खुर्ची सोडता येत नाही.

ऐरोलीकर
चीनचं राहिलं. शी जिनपिंग यांना इंग्रजीत प्रेसिडेंट म्हणतात. चिनी शब्द ‘झुशी’, मुख्य आसन, म्हणजे थेट आपला सभेचा अध्यक्ष. माओच्या मागे इंग्रजीत ‘चेअरमन’ लागायचं ते याच शब्दाचं. तेव्हा इथे मराठी भाषांतर इंग्रजीपेक्षा जवळचं पडलं, नकळत का होईना.

पण खरी ताकद त्या पदात नाही. ती पक्षाच्या सरचिटणीसपदात आहे. २०१८ मध्ये अध्यक्षपदाची दोन मुदतींची मर्यादा काढली तेव्हा जगभर गवगवा झाला, सरचिटणीसपदाला तशी मर्यादा घटनेत नव्हतीच. मुलांना हे सांगताना पंचाईत होते, कारण मराठीत सरचिटणीस म्हटलं की पावतीपुस्तक घेऊन फिरणारा माणूस डोळ्यासमोर येतो. आता खरं सांगा, तुमच्या मंडळात तरी काम कोण करतं? अध्यक्ष हार घालून घेतो, मांडवाची परवानगी, वर्गणी, ढोलपथक सगळं सरचिटणीस बघतो. बीजिंगची रचना ऐरोलीच्या पोरांना यापेक्षा लवकर कशी समजावणार?

नेरूळवाली
मानलं. पण मग भेद करायचा कुठल्या शब्दांनी? पाठ्यपुस्तकात ‘घटनात्मक प्रमुख’ आणि ‘कार्यकारी प्रमुख’ असतं, ते मुलं घोकतात आणि विसरतात.

निवृत्त मास्तर, घणसोली
तेच शब्द चांगले आहेत, घोकण्याऐवजी वापरावेत. ‘अध्यक्ष’ हे पदाचं नाव. ‘घटनात्मक प्रमुख’, ‘कार्यकारी प्रमुख’ ही कामं. आधी नाव सांगा, मग काम सांगा. हवा असेल तर घरचाच दाखला द्या: शाहू महाराज १७४९ मध्ये वारले, त्यानंतर गादी साताऱ्याला आणि कारभार पुण्याला. ‘पंतप्रधान’ हा आपला शब्द पेशव्यांकडूनच आलाय. फक्त मुलांना हेही सांगा, की पेशवा कुठल्या निवडलेल्या सभागृहाला जबाबदार नव्हता. नाहीतर उद्या कोणीतरी व्यासपीठावरून ठोकून देईल की संसदीय लोकशाही शनिवारवाड्यात जन्मली.

घोडबंदर
त्या पहिल्या मुलीचा प्रश्न मात्र तसाच राहिला. मुदतीआधी घरी कसं पाठवायचं?

कोपरीवाला
ती पुढे नीट बोलली होती, तेही सांगतो. तिने डिसेंबर २०२४ चा एकच आठवडा घेतला. ३ तारखेच्या रात्री दक्षिण कोरियाचे अध्यक्ष यून सुक-येओल यांनी लष्करी कायदा पुकारला, काही तासांत संसदेने तो मागे घ्यायला लावला. १४ तारखेला संसदेत महाभियोग मंजूर झाला, पण पद गेलं ते ४ एप्रिल २०२५ ला, संविधान न्यायालयाच्या निकालाने. तिकडे फ्रान्समध्ये ४ डिसेंबरला अविश्वास ठराव झाला आणि पंतप्रधान बार्निये यांचं सरकार पडलं. अध्यक्ष माक्राँ मात्र जागच्या जागी. अविश्वासाला कारण सिद्ध करावं लागत नाही, डोकी मोजली की झालं. महाभियोगाला आरोप लागतो, असं तिने मांडलं. मी तिला सर्वांत जास्त गुण दिले.

ऐरोलीकर
वाक्य आवडलं. पण ‘महाभियोग’ शब्दाने गोंधळ होतो. लोकांना वाटतं महाभियोग झाला म्हणजे हकालपट्टी झाली. अभियोग म्हणजे खटला, आरोप. न्यायालयातला सरकारी अभियोक्ता तोच. ट्रम्प यांच्यावर २०१९ आणि २०२१ असे दोनदा महाभियोग झाले आणि दोन्ही वेळा सिनेटने त्यांना सोडलं. आपल्याकडे राज्यघटना हा शब्द राष्ट्रपतींपुरता वापरते, अनुच्छेद ६१ मध्ये. न्यायाधीशांसाठी १२४ मध्ये ‘पदावरून दूर करणे’ एवढंच आहे. बातम्यांत मात्र न्यायाधीशांवरही सर्रास महाभियोग चालतो.

कोपरीवाला
सगळ्यांचे आभार. पुढच्या पॅनलसाठी मुलांना सांगितलंय की खुर्चीतल्या माणसाला नुसतं ‘सर’ म्हणा. ‘सभापती’ सुचवून पाहिलं, तर एक मुलगा म्हणाला, ते विधान परिषदेत असतात.

बाईंनाही फोन केला. मास्तरांचं म्हणणं वाचून दाखवलं. कापलेल्या दोनातला एक गुण परत द्यायला त्या तयार आहेत. दुसरा नाही. तो ‘राष्ट्रपती’साठी नव्हताच म्हणे, मुलगा सबंध भाषणभर ‘प्रधानमंत्री’ म्हणत होता, त्याचा होता.