सल्ला हवा: हौशी (हॅम) रेडिओवर लिनियर (पॉवर वाढवणारा ॲम्प्लिफायर) लावला की 40 मीटर बँडवर आवाज फाटतो, रिग (रेडिओ संच) रिसेट होते (बजेट 3000)

कराडकर
नमस्कार मंडळी. माझी 20 वॉटची एचएफ रिग बरीच वर्षं विनातक्रार चालतेय. 40 मीटरचा इन्व्हर्टेड व्ही (उलट्या व्हीसारखी तारेची अँटेना) गच्चीवर 6 मीटरच्या बांबूवर आहे, आरजी-58 (कोॲक्स केबल) थेट मधोमध सोल्डर केलीय. शॅक (रेडिओची खोली) गच्चीच्या बरोबर खाली, दुसऱ्या मजल्यावर. नुसत्या रिगवर एसडब्ल्यूआर (पॉवर अँटेनात न जाता किती परत येते त्याचा आकडा, 1 म्हणजे उत्तम) 1.3.

आता लिनियर लावलाय. होमब्रू, 2एससी2290 ट्रान्झिस्टरची जोडी, 40 मीटरचा लो पास फिल्टर आतच आहे. ड्राइव्ह (रिगमधून लिनियरला जाणारी पॉवर) 8 वॉट देतो, 80-90 वॉट निघतात. पण एसएसबीवर (आवाजाच्या मोडवर) बोलायला लागलो की रिले तडतडतो, एसडब्ल्यूआर 2.5 च्या पुढे जातो आणि समोरच्याला एक शब्द कळत नाही. जरा आवाज चढवला की रिगचा डिस्प्ले जाऊन परत येतो. माइकच्या जाळीला ओठ लागला तर चटका बसतो. रिग आणि लिनियर दोन्ही एकाच 20 अँपिअरच्या एसएमपीएसवर (पॉवर सप्लायवर) आहेत.

लिनियर आमच्याकडच्या एका जुन्या हॅम काकांनी स्वतःच्या हाताने बांधलाय. ते आता नाहीत, त्यांच्या घरच्यांनी तो मला दिला. त्यामुळे "विकून टाक" सोडून काहीही सांगा.

लॅमिंग्टन_रोड
विकू नका, पण बाजूला ठेवा. मी मागच्या दिवाळीत 100 वॉटची नवी रिग घेतली. टच स्क्रीन, वॉटरफॉल, आतच ट्यूनर. एक वायर लावली आणि पहिल्याच दिवशी जपान मिळालं. लिनियरच्या भानगडीत पडायचंच नाही. लाखाच्या आसपास जातात, पण एकदाच जातात.

कराडकर
दादा, बजेट तीन हजार आहे.

लॅमिंग्टन_रोड
हप्त्यावर मिळते.

मोर्सवेडा
आधी एक सांगा, परवाना कोणता? रिस्ट्रिक्टेड ग्रेडला 50 वॉटच आहेत. 90 वॉट काढायचे तर जनरल ग्रेड हवा, त्याला 400 पर्यंत मुभा आहे. हल्ली व्हीयू3 (रिस्ट्रिक्टेडचा कॉलसाइन) मिळाला की लोक लगेच लिनियर शोधायला लागतात.

कराडकर
जनरल आहे. मोर्सची परीक्षा देऊनच घेतलाय.

मोर्सवेडा
मग अभिनंदन. सीडब्ल्यू (मोर्स) करा, एसएसबीचा प्रश्नच मिटला. 8 वॉटवर मी रोज युरोप करतो.

807_काका
अर्थिंग बघ. ओठाला चटका म्हणजे अर्थिंग नाही. गच्चीपासून खाली जमिनीपर्यंत तांब्याची जाड तार सोड, खड्डा घे, मीठ-कोळसा घाल. आमच्या वेळी 807 व्हॉल्व्हच्या जोडीवर सगळा देश बोलायचा, पण शॅकचं अर्थिंग पक्कं असायचं. 1993 ला किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा हॅम लोकांनीच तिथून संपर्क चालवला, तो काय टच स्क्रीनवर नाही. ट्रान्झिस्टरच्या लिनियरला दम नसतो हे माझं आजही मत आहे. व्हॉल्व्ह चूक सहन करतो, ट्रान्झिस्टर माफ करत नाही.

अँटेना_आधी
कोणी हिशोब केला का? 20 वरून 100 वॉट म्हणजे 7 डीबी. एस मीटरचा (सिग्नलची ताकद दाखवणाऱ्या मीटरचा) एक काटा 6 डीबीचा. एवढी उरस्फोड एका काट्यासाठी चाललीय. तेच पैसे बांबूवर घाला. माझा व्ही 14 मीटर उंचीवर आहे आणि मी 20 वॉटच्या वर कधी जात नाही.

नेटवाला_नागपूर
सकाळच्या नेटवर (ठरलेल्या वेळी सगळे हॅम एकत्र बोलतात तिथे) एक काटा म्हणजे काय ते मला विचारा. पावसाळ्यात विजांचा खडखडाट एस-8 असतो, 20 वॉटवाला त्यात बुडतो आणि 90 वॉटवाला निदान वाचता येतो. मला दर सकाळी पन्नास जणांना रिपोर्ट द्यायचे असतात. लिनियर चालवा, आम्हाला ऐकू येऊ द्या.

मिरजेची_वायएल
दादा, खरेदीचं नंतर बघू. आधी दोष कुठल्या बाजूला आहे ते ठरवू. लिनियरच्या आउटपुटला अँटेनाऐवजी डमी लोड (अँटेनाच्या जागी पॉवर खाणारा 50 ओहमचा रेझिस्टर) लावा आणि तसंच बोला, तोच आवाज, तोच ड्राइव्ह. तिथेही फाटलं तर लिनियर, पॉवर सप्लाय नाहीतर मधली केबल. तिथे साफ आलं आणि अँटेनावर फाटलं, तर लिनियर निर्दोष आहे. मग आरएफ (रेडिओची ऊर्जा) कोॲक्सच्या बाहेरच्या जाळीवरून परत शॅकमध्ये येतंय.

डमी लोड नसेल तर 1 किलोओहमचे 3 वॉटचे 20 मेटल ऑक्साइड रेझिस्टर पॅरलल जोडा. 50 ओहम आणि 60 वॉट होतात. वायरवाउंड अजिबात घेऊ नका, ते आरएफला कॉइल होतात. 90 वॉटवर सलग कॅरिअर धरू नका, दहा-दहा सेकंद बोला.

डमी लोडवर बोलताना लिनियरच्या टर्मिनलवर मल्टिमीटर लावून ठेवा आणि व्होल्टेज कितीवर पडतं ते इथे लिहा.

लॅमिंग्टन_रोड
डमी लोड मी तयार घेतला, 300 वॉटचा, फिन्सवाला. बघायलासुद्धा सुंदर आहे.

एसएमपीएस_सातारा
सगळं सोडा, सप्लाय बघा. 90 वॉट काढायला लिनियर 14-15 अँपिअर खातो, त्यात रिग. आणि वायर कोणती आहे? घरगुती दीड स्क्वेअर मिमीची असणार. तीन मीटर लांब असेल तर जाऊन-येऊन सहा मीटर, 15 अँपिअरला त्या वायरमध्येच एक व्होल्टच्या वर जातो. रिसेट त्यामुळेच. मी दोन सप्लाय ठेवलेत, एक रिगला, एक लिनियरला. माझ्याकडे कधीच काही झालं नाही.

गोव्याचा_ऑप
डमी लोडवर तपासून बघा. आणि व्होल्टेज मोजा.

मिरजेची_वायएल
तेच वर लिहिलंय.

गोव्याचा_ऑप
हो, म्हणजे मी सहमत आहे. आणखी एक: पीटीटीची लाइन (बोलायचं बटण दाबलं की लिनियर चालू करणारी) कशी आहे? लिनियरच्या रिले कॉइलवर उलटा 1एन4007 नसेल तर रिले सुटताना उलटा व्होल्टेज येतो आणि रिगचा कीइंग ट्रान्झिस्टर मरतो. जुन्या व्हॉल्व्ह लिनियरला तर फारच जपायचं. हीथकिटच्या एसबी-220 च्या की लाइनवर शंभराच्या वर व्होल्ट असतात, हल्लीच्या रिगला थेट जोडलं तर रिग गेलीच. काकांच्या डब्याचं झाकण उघडून डायोड आहे का बघा.

807_काका
एसबी-220 सोन्यासारखा लिनियर आहे, त्याला नावं ठेवू नकोस. मध्ये एक रिले टाकला की भागतं. आणि अर्थिंगचं कोणीच बोलत नाहीये.

मिरजेची_वायएल
काका, अर्थिंग विजेच्या सुरक्षिततेसाठी हवंच, त्यात वाद नाही. पण हा आरएफचा प्रश्न आहे. दुसऱ्या मजल्यावरून जमिनीपर्यंतची तार साधारण 10 मीटर भरते. 7.1 मेगाहर्ट्झला पाव तरंगलांबी साडेदहा मीटर. खालचं टोक जमिनीत गेलं की वरच्या टोकाला, म्हणजे नेमकं रिगपाशी, तीच तार जास्त इम्पीडन्स दाखवते. आरएफ त्यातून खाली जातच नाही. खाली कितीही मीठ घातलं तरी चटका बसायचा तो बसतोच. त्यापेक्षा रिग, लिनियर आणि एसएमपीएसची बॉडी आखूड, रुंद ब्रेडने (विणलेल्या तारेच्या पट्टीने) एकमेकांना बांधा.

807_काका
चाळीस वर्षं माझं चाललंय.

नेटवाला_नागपूर
काका तळमजल्यावर राहतात, म्हणून चाललंय.

कराडकर
रविवारी बसलो. पुण्याच्या तपकीर गल्लीतून भाचा रेझिस्टर घेऊन आला होता, ते जोडून तेलाच्या डब्यात बुडवले. डमी लोडवर आवाज एकदम साफ. रिले तडतडत नाही, रिसेट नाही, एसडब्ल्यूआर 1.1. व्होल्टेज मात्र 12.5 वर येतं. अँटेना लावली की पुन्हा तोच तमाशा. डायोड जागेवर आहे, काकांनी त्यावर स्लीव्हसुद्धा घातलीय. आतली सगळी वायरिंग दोऱ्याने बांधलेली आहे, हल्ली असं काम बघायला मिळत नाही.

एसएमपीएस_सातारा
12.5! म्हटलं होतं ना. सप्लाय बदला.

मिरजेची_वायएल
12.5 चांगले नाहीत, वायर जाड कराच, एसएसबीचे पीक त्याने सपाट होतात. पण रिग साधारणपणे 13.8 च्या 15 टक्के खालीवर चालते, म्हणजे 11.7 पर्यंत. तेवढ्याच 12.5 वर डमी लोडवर रिसेट होत नाही, याचा अर्थ रिसेट व्होल्टेजमुळे नाही.

आता दुसरी चाचणी. एसडब्ल्यूआर मीटर आणि अँटेनाची कोॲक्स यांच्या मध्ये दोन-तीन मीटरची जास्तीची केबल घाला. ड्राइव्ह अगदी कमी ठेवा. आकडा बराच हलला तर जाळीच्या बाहेरून करंट वाहतोय. निरोगी फीडलाइनवर एवढ्याशा केबलने फारसा फरक पडत नाही. तुमची कोॲक्स थेट सोल्डर आहे, बलून नाही, चोक नाही, म्हणजे जाळीवरचा करंट अडवणारं काहीच नाही. जाळी म्हणजे अँटेनाचा तिसरा पाय झालाय, आणि तो पाय तुमच्या टेबलावर येऊन टेकतो. नुसत्या रिगवर हे जाणवत नव्हतं. 90 वॉटवर तो करंट दुपटीहून जास्त होतो, मग पीटीटीची आणि माइकची वायर तो उचलते.

अँटेना_आधी
कोॲक्स व्हीच्या एका पायाला समांतर खाली आणली असेल तरी हेच होतं. दोन पायांच्या मधून सरळ खाली सोडा.

कराडकर
जास्तीची केबल घातली तर 1.3 चे 1.9 झाले. आणि हो, कोॲक्स एका पायाच्या खालूनच कठड्यापर्यंत येते.

मिरजेची_वायएल
मग निदान पक्कं. फीडपॉइंटला (कोॲक्स अँटेनाला जोडते तिथे) चोक करा. 110 मिमीच्या पीव्हीसी पाइपच्या तुकड्यावर आरजी-58 चे एका थरात 15 वेढे, शेजारी शेजारी, एकमेकांवर चढू न देता. साडेपाच मीटरच्या आसपास केबल लागेल. 40 मीटरवर सुमारे एक हजार ओहम मिळतात. पाइप भंगारातला चालतो. हा एका बँडचा चोक आहे, सगळ्या बँडना चालेल असं समजू नका. फेराइट मिळालं तर एफटी240-31 रिंगवर दहा-बारा वेढे त्याहून चांगले. कॉम्प्युटरच्या एसएमपीएसमधला पिवळा-पांढरा टोरॉइड मात्र घेऊ नका. ती आयर्न पावडर असते, या कामाला निरुपयोगी.

लॅमिंग्टन_रोड
मी एफटी240-31 अमेरिकेहून भावाकडून मागवले, पाच नग. दोन अजून पाकिटात आहेत.

कराडकर
एक द्याल का?

लॅमिंग्टन_रोड
पुढच्या प्रोजेक्टसाठी ठेवलेत.

बारामती_होमब्रू
लिनियरचा इनपुट एसडब्ल्यूआर कोणी विचारलाच नाही. रिग आणि लिनियरच्या मध्ये मीटर लावून बघा. जास्त असेल तर 3 डीबीचा पॅड (पॉवर कमी करणारे रेझिस्टर) घाला, 17.6 ओहम मध्ये आणि दोन्ही बाजूंना 292 ओहम. मग पुढे काहीही बिघडलं तरी रिगला 3 च्या वर एसडब्ल्यूआर दिसतच नाही. निम्मी पॉवर उष्णतेत जाते, पण या जोडीला 5 वॉट ड्राइव्ह पुरतो. 8 ही मला जास्तच वाटतो.

मोर्सवेडा
सीडब्ल्यूवर यातलं काहीच लागलं नसतं.

कराडकर
झालेलं लिहितो. सप्लायची वायर 4 स्क्वेअरची टाकली, लग क्रिंप केले, आता पीकवर 13.4 राहतात. कोॲक्स दोन पायांच्या मधून सरळ खाली सोडली. चोक पीव्हीसीवरच केला. ताईंनी वर बांधायला सांगितलं, पण मी तो खिडकीपाशी, कोॲक्स शॅकमध्ये शिरते तिथे लावलाय. पाइपसकट तो बांबूच्या टोकाला लावला की बांबू वाकतो, आणि आमच्या गच्चीवर नदीकडून वारा येतो. पीटीटी लाइनवर 0.01 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घातला. ड्राइव्ह 5 वर आणला, साधारण 60 वॉट निघतात आणि तेवढ्यावरच ठेवणार आहे.

आज सकाळी नेटवर बोललो. रिले शांत, रिसेट नाही, ओठाला काही नाही. खर्च अकराशेच्या आत.

नेटवाला_नागपूर
ऐकला. आवाज स्वच्छ, 5-8 (स्पष्टता 5, ताकद एस-8). गेल्या महिन्यात याच वेळी तुम्हाला दोनदा रिपीट करायला लावलं होतं.

मिरजेची_वायएल
छान वाटलं. पण खिडकीपाशी चोक म्हणजे आरएफ शॅकमध्ये येत नाही एवढंच. वरची जाळी अजूनही विकिरण करतेय आणि घरातल्या एलईडी दिव्यांचा गोंगाटही उचलतेय. पावसाळ्यानंतर बांबू बदलाल तेव्हा तो वर न्याच.

कराडकर
ताई, वर नेणार नाही. काम होतंय. उरलेल्या पैशांत काकांच्या डब्याला नवा फॅन बसवतोय, जुना खरखरतो.

एसएमपीएस_सातारा
सप्लाय तरी वेगळा करा.

807_काका
फॅन कशाला, 813 व्हॉल्व्हला फॅन लागत नाही. माझ्याकडे 813 ची जोडी पडून आहे, सॉकेटसकट. कराडला येणारं कोणी असेल तर पाठवतो. ट्रान्सफॉर्मर तुझा तू बघ.