उलटी केलेली लिस्ट छापताना थांबत का नाही
रिकर्शनने (फंक्शनने स्वतःलाच बोलावून) लिंक्ड लिस्ट उलटी केली आणि छापताना ३, २, १, २, १... असं अखंड चालू राहतंय, म्हणजे रिकर्शन ठीक आहे, फक्त एक ओळ राहिली आहे. १→२→३ ही लिंक्ड लिस्ट घ्या: प्रत्येक नोडमध्ये (कप्प्यात) एक आकडा आणि पुढच्या नोडकडे जाणारा बाण, म्हणजे 'नेक्स्ट'. कॉल परत येताना २ च्या नोडवर 'पुढच्याचा नेक्स्ट = मी' केलं की ३ चा बाण २ कडे वळतो, मग १ वर तेच केलं की २ चा १ कडे. पण १ चा जुना बाण अजून २ कडेच आहे, झालं चक्र! 'पुढच्याचा नेक्स्ट = मी' च्या लगेच खाली 'माझा नेक्स्ट = नल' (नल म्हणजे पुढे काहीच नाही) लिहा. (मधल्या नोडना ते नसलं तरी खपतं, त्यांचा बाण आधीचा नोड बदलतोच.) थांबण्याच्या अटीत नोड नल आणि नेक्स्ट नल दोन्ही तपासा, नाहीतर रिकाम्या लिस्टवर आपटाल. पायथनमध्ये रिकर्शनची मर्यादा मुळात एकात एक १००० कॉलची असते. लांब लिस्टला सरळ लूपच बरा.