वहिनीचं हिमोग्लोबिन ८.९, घरात सगळं असून असं का?

खटावची_लेक:
वहिनीला पाचवा महिना चालूय, परवा पीएचसीत तपासलं तर एचबी ८.९. पहिली मुलगी दीड वर्षाची, अजून अंगावर पिते. घरी दोन म्हशी, शेंगा, ज्वारी, बाजरी सगळं आहे, उपासमार वगैरे अजिबात नाही. लोहाच्या गोळ्या दिल्यात पण मळमळतं आणि शी काळी होते म्हणून घाबरून मधेच सोडते. आई म्हणते जास्त खाल्लं की बाळ मोठं होतं नि बाळंतपण अडतं, आमच्या वेळी कुठं होत्या गोळ्या. केळं पण बंद केलंय. मी पुण्यात, फोनवर नेमकं काय सांगू?

द्राक्षवाला_तासगाव:
ताई मूठभर बेदाणे, गूळ-शेंगदाणे आणि बीट रोज द्या, रक्त वाढतंच.

जतची_आशाताई:
दादा बेदाणे खाऊदे की, पण ८.९ तेवढ्यानं चढत नसतं. गरोदरपणात ११ च्या खाली म्हणजे ॲनिमिया, ७ ते ९.९ मध्यम. ६० मिलिग्रॅम लोहाची गोळी सगळ्या गरोदर बायांना रोज एक असते, १८० दिवस, कमी असलं तर दोन, पण ते डॉक्टर सांगतील तसंच. शी काळी होणारच, घाबरायचं काही नाही. मळमळतंय तर रात्री जेवल्यावर घ्या, वर लिंबूपाणी. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी, आणि चहा गोळीच्या आसपास नकोच, लोह अंगाला लागत नाही. जंताची गोळी झाली का तेही विचारा. महिन्यानं परत एचबी बघायचं, एकानंही वाढलं नाही तर मोठ्या दवाखान्यात दाखवा. आणि पहिल्या बाळंतपणात गेलेलं रक्त भरून यायच्या आत दुसरी खेप, तेही कारण आहेच. केळं, पिकलेली पपई खुशाल खाऊदे, कच्ची पपई तेवढी नको.

माणदेशी_गडी:
घरात आहे म्हणजे तिच्या ताटात आहे असं नसतंय ताई. आमच्याकडं दूध दोन्ही टायमाला डेअरीला जातं, कॅन भरला पाहिजे कारण दहा दिवसानं बिल येतं, घरात उरतं ते चहापुरतं. बाई जेवणार सगळ्यांच्या शेवटी, तोवर कालवणात नुसता रस्सा, डाळ गेलेली असते वर वैरणीचा भारा हाय तो हायच. वहिनी कधी जेवते नि काय जेवते ते आधी विचारा, गोळ्यांचं नंतर.

खटावची_लेक:
आत्ताच फोन केला. गोळी चहाबरोबरच घेते म्हणे, सकाळी उपाशीपोटी. दूध सगळं डेअरीला, आणि जेवायला तीन वाजतात. डोक्यात जाळ झालाय माझ्या. आईला कसं सांगू, मी बोलले की ती वहिनीवरच राग काढते.

जतची_आशाताई:
तुम्ही नका बोलू. ९ तारखेला पीएचसीत गरोदर बायांची फुकट तपासणी असते, आईंनाच बरोबर पाठवा, डॉक्टरांच्या तोंडून ऐकूदे. आणि लिटरभर दूध घरात ठेवायचं तुमच्या भावाला सांगा, बिल त्याच्याच खात्यात येत असेल ना?