संचालिका मोजायच्या की गल्ल्यावर बसणारी बाई?

तीनहातनाका : ‘अर्थशास्त्रात आणि व्यवस्थापनशास्त्रात स्त्रियांवर संशोधन करण्याची हल्ली फॅशन आली आहे,’ हे वाशीकरांचे कालचे विधान वाचून राहवले नाही, म्हणून हा धागा काढते आहे. शेतीतील स्त्रीश्रमावरचे एस्टर बोसेरप यांचे पुस्तक १९७० चे आहे, आणि क्लॉडिया गोल्डिन यांना २०२३ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले ते अमेरिकेतील स्त्रियांच्या कामाच्या दोनशे वर्षांच्या नोंदी धुंडाळून. अर्धे शतक टिकलेली फॅशन माझ्या पाहण्यात नाही.

वाशीकर : गोल्डिनबाईंविषयी माझी तक्रार नाही, तक्रार आपल्याकडच्या प्रबंधांविषयी आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक कंपन्यांच्या संचालक मंडळावर किमान एक स्त्री सक्तीची केली आणि ‘महिला संचालक व नफा’ या विषयाचा रतीब सुरू झाला, कारण नावे आणि नफा दोन्ही वार्षिक अहवालात आयते मिळतात. स्त्रियांमुळे नफा वाढतो की नफ्यातल्या कंपन्याच स्त्रियांना नेमतात, हे त्यातून कळत नाही. माझ्या मार्गदर्शकांनी तर ‘महिला सक्षमीकरण घे, शंभर प्रश्नावल्या भर, लवकर सुटशील’ असे सांगून माझा मूळ विषयच बदलायला लावला. मी सुटलो, पण तो प्रबंध उघडायची आजही लाज वाटते.

तीनहातनाका : मार्गदर्शकांवरचा राग स्त्रियांवर कशाला? नॉर्वेने संचालक मंडळांवर ४० टक्के स्त्रियांची सक्ती केल्यावर अभ्यासकांनी नेमका हाच कार्यकारणाचा प्रश्न हाती घेतला होता.

वाशीकर : आणि त्यांचे एकमत झाले नाही, हेही लिहा.

जांभळीनाका : माझ्या सासूबाई तीस वर्षे आमच्या दुकानाच्या गल्ल्यावर बसल्या, उधारीची वही त्यांच्याच हाती होती, तरी जनगणनेचा माणूस आला की सासरे ‘गृहिणी’ सांगत. अशा बाईचा अहवाल छापून येत नाही, म्हणून तिच्यावर प्रबंधही होत नाही.

ऐरोलीकर : आता तर अशा बिनपगारी मदतनिसांना धरूनच सरकारच्या श्रमबल सर्वेक्षणात पंधरा वर्षांवरील स्त्रियांचा श्रमबलातला, म्हणजे काम करणाऱ्या किंवा शोधणाऱ्यांतला, सहभाग २०१७-१८ मधल्या २३.३ टक्क्यांवरून २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्क्यांवर गेला. ही आकडे फुगवण्याची युक्ती आहे.

जांभळीनाका : न मोजले तर गृहिणी, मोजले तर फुगवटा! दुकान त्या चालवत होत्या, सासरे नाक्यावर राजकारण करत होते. मदतनीस कोण, ते तुम्हीच ठरवा.

ऐरोलीकर : वैयक्तिक आठवणींवर सांख्यिकी उभी राहत नाही, ताई.

तीनहातनाका : मग सांख्यिकीच घ्या. घरच्या धंद्यातले बिनपगारी काम २०१७-१८ मध्येही रोजगारातच धरले जात होते, त्यामुळे वाढीचा दोष व्याख्येवर ढकलता येत नाही. उलट स्वयंपाक आणि धुणीभांडी आजही त्या आकड्याबाहेर आहेत. २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात अशी घरकामे करणाऱ्या स्त्रिया त्यांवर दिवसाला २९९ मिनिटे घालवत होत्या, तर पुरुष ९७.

ऐरोलीकर : व्याख्या जुनी आहे, एवढे मान्य. ‘फुगवटा’ मागे घेतो. पण पगाराची नोकरी आणि घरचा गल्ला एकाच टक्केवारीत बसवणे मला पटत नाही.

जांभळीनाका : मलाही पटत नाही, पण सासूबाईंना पगार द्यायला हवा होता म्हणून.

वाशीकर : गल्ल्यावरच्या स्त्रियांवर कोणी प्रबंध लिहिला तर मी विकत घेऊन वाचेन. फक्त ‘पूर्ण सहमत’ ते ‘पूर्ण असहमत’ अशी प्रश्नावली त्यात नको.